कुरोइवा, मंगळवार पेठ

सातला पहिला खेळ. सात चौदाला कुरोइवा मरतो.
साडेसातला तो परत मिठाच्या गोणीखाली वाकलेला,
हमालाचं पोर, अंगावर पोतं,
आणि स्पीकरमधून माझा आवाज:
उत्तरेच्या डोंगरात, जिथं बर्फ घोट्याएवढा...
घोट्याएवढा मी म्हणालो खरा.
बर्फ मी पाहिलाय तो फक्त मासळीच्या गाडीवर.

चिलखत तेलाच्या डब्यांचं.
पापाच्या तिकटीमागच्या बोळात मुबारक कलईवाल्यानं
पत्र्याच्या पट्ट्या कापल्या, नायलॉनच्या दोरीत ओवल्या.
डाव्या खांद्यावर अजून वाचता येतं: निव्वळ वजन पंधरा किलो.
शिरस्त्राणावरची चंद्रकोर उद्यमनगरात ओतलेली, पितळेची,
इतकी जड की मान हलवता येत नाही,
आणि बघणारे म्हणतात, रुबाब बघ लेका!

पायात मात्र कोल्हापुरीच.
गवताच्या वहाणा आम्ही कुठून आणणार?
किल्ला चढताना करकर वाजते. एक किल्ला, दोन, सात.
सातही एकाच प्लायवुडचे, फक्त निशाण बदलायचं.

बाळगोंडा चौगुले. दिवसभर लेथवर,
रात्री दहा वेळा सरदार.
सहाव्या खेळापर्यंत तलवार सपकन उपसतो.
नवव्याला नुसती मूठ धरतो
आणि उपसतो डोळ्यांनी.
मला विचाराल तर नववाच खरा.

मग पुतण्या येतो. पुलावर गुडघे टेकतो.
काका, तुमचा घोडा दमलाय, माझा घ्या.
त्या घोड्याची नाल सैल असते.
एवढंच. एवढ्यावर सात किल्ले जातात.
लाल जिलेटीन, पंख्यापुढं फडफडणाऱ्या चिंध्या,
जळत्या दिवाणखान्यात एकटा कुरोइवा
पाणी मागतो, कागद मागतो,
वरून गुलाबी रंगवलेले चुरमुरे पडतात फुलांसारखे,
अंधार होतो, आणि पोरं ती फुलं वेचून खातात.

लोक विचारतात, गोष्ट कुठं गावली?
मी म्हणतो, जपानात.

शेवटच्या ओळीत, लाल खुर्चीत, सर्जेराव आप्पा.
शाहूपुरीत गुळाच्या ढेपा वाहत सुरुवात केलेली,
मग मंडळ, मग वॉर्ड, मग बाजार समिती,
त्यांनी खाकरलं की पेठेतले कर्णे बंद व्हायचे.
गेल्या मार्चच्या सभेत रणधीरनं
आधी पाय धरले त्यांचे, मग म्हणाला,
आप्पा, आता कशाला दगदग,
पावतीपुस्तक माझ्याकडं द्या.

मी तेव्हा इतिवृत्त लिहीत होतो.
तिथं लिहिलं: सर्वानुमते.

आठव्या रात्री, साडेअकराचा खेळ.
बाळगोंडा बसला, हात पुढं केला, पाणी म्हणाला,
आणि आप्पा उठले.
कुणी अडवायच्या आत बांबूच्या कठड्याखालून,
धोतर सावरत, हातात स्टीलचा तांब्या,
थेट जळत्या किल्ल्यात.
वर माझा आवाज चालूच, आधीच भरून ठेवलेला:
पाणी देणारं आता कुणीही उरलं नव्हतं.

बाळगोंडा प्यायला.
घटाघट, चिलखतावर सांडत, सगळा तांब्या.
तोंड पुसलं.
संगीत कधीच संपलेलं, चुरमुरे पडून गेलेले,
आणि हा मरायचाच राहिलेला.
मग आप्पांच्या खांद्याला धरून
सावकाश आडवा झाला.

टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, असंच असेल.
रणधीर जनरेटरजवळ होता. त्यानं वाकून
डिझेल किती उरलंय ते बघितलं,
बराच वेळ बघितलं.

नवव्या रात्री सातला कुरोइवा परत मिठाखाली.
तांब्या तिथंच, किल्ल्याच्या तिसऱ्या पायरीवर.
कुणीच हलवला नाही. मीही नाही.
त्यावर नाव कोरलंय कुणाचं तरी,
पण आमच्याकडं दिवे सगळे लालच,
आणि लाल उजेडात ते लागत नाही.